काकवीचे तंबू

आमच्या साडूंनी आयुष्यात एकही गोष्ट एकट्याने केली नाही. त्यांना शिंक आली तरी अनुमोदक लागायचा. ते शिंकायचे आणि शेजारच्याकडे अशा नजरेने बघायचे की त्याला "बरोबर हाय" म्हणण्यावाचून गत्यंतर नसे. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणून नात्याने माझे साडू; पण सिरसाळ्याहून माजलगावकडे जाताना जो उघडाबोडका माळ लागतो, त्याच्या पायथ्याच्या गावात त्यांना सगळे "चेअरमन" म्हणत. कशाचे चेअरमन, असं मात्र कोणी विचारत नसे, कारण उत्तर ऐकता ऐकता जेवणाची वेळ टळायची. दूध संस्था झाली, कुक्कुटपालन संस्था झाली, कालव्याला पाणी यायच्या आधीच पाणीवापर संस्था झाली, आणि सूतगिरणीची तर नुसती पाटीच झाली. यातली एकही संस्था जगली नाही. पण हेही सांगायला हवं की कोणत्याही संस्थेचा एक छदाम साडूंच्या घरात गेला नाही. संस्था बुडाल्या त्या पाहुणचारात. दूध संस्थेत पाऊल टाकलेला माणूस पेलाभर दूध प्यायल्याशिवाय बाहेर पडायचा नाही, मग तो दूध घालायला आलेला असो की विजेचं बिल द्यायला. कुक्कुटपालनाच्या कोंबड्या तपासणीला येणाऱ्या साहेबांनी, साहेबांच्या ड्रायव्हरांनी आणि ड्रायव्हरांच्या ओळखीच्यांनी मिळून संपवल्या. शेवटी एकच कोंबडा उरला तेव्हा मी न राहवून म्हणालो, "साडूभाऊ, हा तरी राहू द्या." तर ते गंभीर होऊन म्हणाले, "पाव्हणं, ह्याला ठिवलाच हाय. संस्थेला कोरम लागतोय का न्हाई?"

त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत कायम एक शाल आणि एक नारळ असे. कोणाचा सत्कार कधी करावा लागेल याचा नेम नाही, असं त्यांचं म्हणणं. एकदा बीडच्या स्टँडबाहेर एका रिक्षावाल्याने त्यांची विसरलेली छत्री परत आणून दिली, तर साडूंनी भर रस्त्यात त्याला रिक्षातून उतरवून त्याचा सत्कार केला, त्याच्या प्रामाणिकपणावर चार शब्द बोलले, मागे हॉर्न वाजवणाऱ्या गाड्यांना शांतता राखण्याची विनंती केली, आणि टाळ्या संपल्यावर त्याच्या अंगावरची शाल काढून, घडी घालून परत पिशवीत ठेवली. रिक्षावाला बघतच राहिला. "शाल संस्थेची हाय," साडूंनी त्याला समजावलं, "मान तेवढा तुमचा." नारळाचंही तसंच. तो इतक्या मानकऱ्यांच्या हातून गेला होता की त्याची शेंडी झडून तो गुळगुळीत झाला होता, आणि हलवला तर आत पाणी वाजायचं थांबून बरीच वर्षं झाली होती.

घरातला कारभारही याच चालीचा. भाजी कोणती करायची हे ठरवायला सकाळी चुलीपाशी सभा भरायची. साडू विषय मांडायचे, त्यांच्या म्हाताऱ्या आई अनुमोदन द्यायच्या (त्यांना ऐकू येत नसे, त्यामुळे त्या कशालाही देत), आणि आमची अक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, हा एकटीचा विरोधी गट. "वांगं बहुमतानं मंजूर," असं साडू जाहीर करायचे आणि अक्का मुकाट्याने पिठलं करायची. ताटात पिठलं बघून मी मिश्कीलपणे वर पाहिलं की ते म्हणायचे, "ठराव वांग्याचाच हाय. अंमलबजावनीत जरा अडचन आली." माझ्या लग्नात तर त्यांच्या हाती माइक लागला होता. आभार मानायला उभे राहिले ते मंडपवाल्यापासून सुरू होऊन भांडी घासणाऱ्यांपर्यंत पोचले तरी थांबेनात. मुहूर्त टळायला आला तेव्हा भटजींनी वैतागून त्या आभारांतच मंगलाष्टकं सुरू केली. अक्षता पडल्या खऱ्या, पण त्या आम्हा नवरा-नवरीवर पडल्या की साडूंच्या भाषणावर, याबद्दल आमच्या घरात अजून दोन मतं आहेत.

एवढा बोलघेवडा माणूस, पण एका जागी गेला की गप्प व्हायचा. गावाच्या वरच्या अंगाला गायरान होतं. कुसळी गवत, बोरी, बाभळी आणि दगडगोटे, दुसरं काही नाही. पण त्या गायरानात काळविटांचा एक कळप होता. गावातली माणसं त्यांना नुसतं "हरणं" म्हणत आणि पिकात शिरली की शिव्या घालत. साडू लहानपणी गुरं राखायला तिथेच जायचे. तेव्हापासून त्यांची त्या कळपाशी काहीतरी गाठ पडलेली होती. मी त्यांच्याबरोबर पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा वाटेत ते सहकाराच्या सात तत्त्वांपैकी चौथ्यावर आले होते. बांध ओलांडला, लांबवर काळ्या पाठीचा एक नर शिंगं मागे टाकून उभा दिसला, आणि चौथं तत्त्व तिथेच राहिलं. कितीतरी वेळ ते नुसते बघत होते. मग हळूच म्हणाले, "ह्यांची कुनी संस्था काढलेली न्हाई, तरी कसे मिळून ऱ्हातेत बगा."

त्याच माळावर साडूंनी आपली शेवटची संस्था काढली. पुण्या-मुंबईची माणसं जनावरं बघायला येतात आणि तंबूत राहून त्याचे पैसे देतात, असं त्यांना कोणा साहेबाने सांगितलं होतं. पाहुण्याकडून पैसे घ्यायचे, ही कल्पना पचायला त्यांना पुष्कळ दिवस लागले. पण एकदा पचल्यावर "काळवीट दर्शन पर्यटन सहकारी संस्था (नियोजित)" अशी पाटी लागली आणि तिच्याखाली मोठ्या अक्षरांत "सफारी लॉज" असं लिहिलं गेलं. जुन्या बाजारातून लष्करी तंबू आले. सफारीची गाडी म्हणजे गावातून सिरसाळ्याला माणसं नेणारी टमटम. तिला पुढून झेंडूची माळ घातली की ती सफारीची, काढली की वडापाची. गंमत म्हणजे एवढं सगळं असून पाहुणे आले नाहीत. जे आले त्यांना हरणं दिसली नाहीत. उन्हाने तंबू पांढरेफटक पडले होते, वाऱ्यावर सारखे फडफडायचे, आणि ती फडफड लांबून बघूनच कळप दिशा बदलायचा. पुण्याच्या एक बाई होत्या, निवृत्त प्राध्यापिका, आयुष्यभर जनावरांमागे हिंडलेल्या. त्यांनी जाताना स्पष्टच सांगितलं, "चेअरमन, तंबू नीट करा. रंग मातीत मिसळणारा हवा आणि कापड फडफडता कामा नये. मग मी स्वतः माझी माणसं घेऊन येईन, आणि ती आली की बाकीची आपोआप येतील."

साडूंनी ते मनावर घेतलं, आणि त्याच वर्षी दुष्काळ पडला. धरणाचं पाणी तळाला गेलं, माजलगावच्या अंगाचा ऊस जागेवर वाळला, कारखान्यांची धुराडी थंड पडली. दरवर्षी कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडणारी माणसं घरी बसली. अशा वेळी गावातले नाना, म्हणजे साडूंच्या विरोधी पॅनलचे पुढारी, एक प्रस्ताव घेऊन आले. एका ठेकेदाराला गायरान खडी क्रशरसाठी हवं होतं. नाना काही वाईट माणूस नव्हते. ग्रामसभेत ते तळमळून बोलले. "हातांना काम न्हाई, चेअरमन. तुमची हरणं बघून पोट भरतंय का? क्रशर आलं तर पोरं गावात तरी ऱ्हातील." क्रशर आलं की सुरुंग, ट्रक, धूळ. कळप एका दिवसात परागंदा होणार आणि पुन्हा येणार नाही, हे साडूंना कळत होतं. शेवटी सभेने मधला मार्ग काढला. हा उन्हाळा साडूंचा. उन्हाळ्यात तंबू पाहुण्यांनी भरले तर गायरान संस्थेकडे राहील. नाही भरले तर ठेकेदाराकडे जाईल. त्या दिवशी साडू घरी आले ते आभार न मानता आले. अक्का मला म्हणाली, "तवाच मला कळलं, लई लागलंय त्यांना."

तंबू दुरुस्तीचं काम म्हटलं तर चार माणसांनी आठवड्यात उरकावं असं. पण साडूंनी आधी उपसमित्या नेमल्या. खुंटी उपसमिती, दोरी उपसमिती, शिवण उपसमिती आणि या तिघींत समन्वय साधणारी एक. खुंटी उपसमितीने खुंट्या ठोकल्या, दोरी उपसमितीने दोऱ्या वळल्या, पण या दोन समित्यांच्या अध्यक्षांचं बांधावरून जुनं वैर असल्यामुळे दोऱ्या खुंट्यांपर्यंत पोचेनात. एक तंबू तर काही दिवस नुसत्या परस्पर अविश्वासावर उभा होता. शिवण उपसमितीने फाटके भाग शिवताना एका तंबूचं दारही शिवून टाकलं आणि आत राहिलेल्या शिंप्याला खालून सरपटत बाहेर काढावं लागलं. मी बीडला शाळेत मास्तर. उन्हाळ्याची सुट्टी होती म्हणून "विशेष निमंत्रित" या नात्याने साडूंनी मला बोलावून घेतलं होतं. माझं काम एवढंच, की मतं समसमान पडली तर मान हलवायची.

सगळं जमत आलं आणि गाडी रंगावर येऊन अडली. मातीत मिसळणारा रंग म्हणजे नेमका कोणता? ज्या रंगाचं नाव निघे त्या रंगाचा झेंडा गावात कोणाच्या ना कोणाच्या घरावर असायचाच. एकाने हिरवट सुचवला की दुसऱ्याच्या कपाळावर आठी. दुसऱ्याने तांबडसर म्हटलं की तिसरा उठून उभा. "निळा?" "मग आमचा कावून न्हाई?" कोणीतरी खाकी म्हणालं, तर टमटमवाला घाबरून म्हणाला, "खाकी नगं बे! लांबून चौकी वाटतीया. हरणं येतील, पन मानसं फिरकनार न्हाईत." दुपार कलली. शेवटी मीच कंटाळून बोललो, "अहो, मग सरळ मातीचा रंग द्या ना."

साडू एकदम उभे राहिले. डोळे चमकले. "मातीचा रंग कावून?" ते म्हणाले. "मातीच द्या की! माती कोन्या पार्टीची हाय, सांगा?"

सभेत पहिल्यांदाच सगळ्यांच्या माना एका दिशेने हलल्या. तंबू शेणामातीने सारवायचे ठरले. भिंत सारवतात तसे. आता मातीचा गिलावा टिकायला तिच्यात भुसा कालवावा लागतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक. पण दुष्काळात भुसा कोण देणार? दाव्यावरच्या गुरांनाच तो मिळत नव्हता. साडूंनी विचार केला आणि म्हणाले, "किल्ल्याच्या चुन्यात गूळ असतोय. अजून बुरूज हाललेत का? आपल्या गावच्या बंद गुऱ्हाळात नासलेल्या काकवीची पिपं पडून हायेत. वता!" टँकरचं पाणी मातीत घालायला कोणाचं मन होईना, म्हणून पाणी कमी आणि काकवी जास्त, असं प्रमाण पडलं. वाळवी लागू नये म्हणून वरून खडेमीठ. अक्का गावातल्या बायका घेऊन सारवायला आली होती. तिने बोट बुडवून चव घेतली आणि डोक्यालाच हात लावला. "अवो, तुमी तंबू सारवायलाव का पुरन घालायलाव?" साडू शांतपणे म्हणाले, "विरोधी मत नोंदवून घ्या," आणि काम सुरू झालं.

खरं सांगतो, झालं मात्र काम देखणं. दोन दिवसांच्या उन्हात गिलावा कडक वाळला. कापडाची फडफड बंद झाली. लांबून बघितलं तर तंबू आहेत की वारुळं, कळू नये. टमटमवाला स्वतःच एकदा चुकून पुढे निघून गेला. साडू सकाळ-संध्याकाळ तंबूंभोवती फेऱ्या मारायचे, एखाद्या भिंतीला हात लावायचे आणि मला विचारायचे, "येतील न्हवं हरणं?" दिवसातून निदान पाच-सहा वेळा. त्यांच्या आवाजातली काळजी ऐकून मला थट्टा करायची असूनही करवत नसे.

पुण्याच्या बाई आपली माणसं घेऊन आल्या. त्यांनी फोनवर सक्त ताकीद दिली होती, की बँड नको, माइक नको, भाषण नको. आवाज झाला तर जनावर चार दिवस येणार नाही. साडूंवर एवढी कठीण वेळ दूध संस्था बुडाली तेव्हाही आली नव्हती. पण माणूस मोठा जिद्दीचा. पाहुण्यांना त्यांनी रांगेत उभं केलं आणि प्रत्येकाजवळ जाऊन त्याच्या कानात, अगदी कुजबुजत, स्वागताचं संपूर्ण भाषण केलं. शाल पहिल्याच्या खांद्यावर घालायची, कानात "सन्माननीय" पासून सुरुवात करून "दोन शब्द संपवतो" पर्यंत यायचं, शाल काढायची, घडी घालायची आणि पुढच्याकडे जायचं. टाळ्यांऐवजी सर्वांनी बोटं हलवली. रांगेतला शेवटचा तरुण मला हळूच म्हणाला, "सर, यांना काही त्रास आहे का?" मी म्हणालो, "आहे. पण जुना आहे."

एक तंबू रिकामा राहत होता. तंबू भरले पाहिजेत, या अटीपायी साडूंनी त्यात मला घातलं. पहाटे, नुकतं फटफटत असताना, मला खरखर असा आवाज ऐकू आला. तंबूची भिंत माझ्या डोक्याशी आत-बाहेर होत होती. मला वाटलं, साडू आभार मानायला आले. मग कापडाच्या फटीतून बाहेर बघितलं. हातभर अंतरावर एक काळवीट डोळे अर्धवट मिटून तंबू चाटत होतं. वळलेली शिंगं, पांढरी हनुवटी, आणि त्या हनुवटीला लागलेली काकवी. पलीकडच्या तंबूला दोन माद्या लागल्या होत्या, त्याच्या पलीकडे एक पाडस आईच्या पोटाखालून मान काढून मिठाचा खडा शोधत होतं. उन्हाळाभर त्यांना मीठ नव्हतं, गोड नव्हतं, धड गवत नव्हतं. आणि आम्ही हे सगळं कालवून त्यांच्या माळावर थापून ठेवलं होतं. पुण्याच्या बाई आपल्या तंबूच्या दारात मांडी घालून बसल्या होत्या. कॅमेरा मांडीवर तसाच होता आणि त्या रडत होत्या. साडू कुठे दिसेनात. मग एका बोरीच्या झुडपामागे मला ते दिसले. गुडघ्यांवर बसलेले, शालीचा बोळा तोंडात कोंबलेला. आवाज निघू नये म्हणून.

पुढच्या आठ दिवसांत फोनवर फोन आले. उन्हाळा संपेपर्यंतचे सगळे तंबू ठरून गेले. साडूंनी त्या काळविटाचा सत्कार करायचा ठराव आणला होता, तो मी मान हलवायला नकार दिल्यामुळे बारगळला. नाना स्वतः येऊन म्हणाले, "जितलात, चेअरमन." गायरान वाचलं, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

पण जीभ काही नुसती हरणांनाच नसते. गुरांची छावणी मंजूर व्हायची होती, ती होत नव्हती. लोक बाभळीचा पाला ओरबाडून गुरांपुढे टाकत होते. त्या गुरांना वाऱ्यावर काकवीचा वास आला असावा. पाहुण्यांची दुसरी तुकडी यायच्या आदल्या सकाळी आम्ही माळावर गेलो तर तंबूंभोवती गावातली गुरं. दावी तोडून आलेली. एकेका तंबूला चार-चार जनावरं लागलेली, गिलाव्याचे पोपडे निघत होते, खालचं कापड ओलं होऊन लोंबत होतं. हरणं लांब टेकाडावर जाऊन उभी होती. संस्थेचे संचालक काठ्या घेऊन धावले. साडूंच्याही हातात काठी होती. उद्या पाहुणे आले आणि त्यांना हरणांऐवजी म्हशी दिसल्या, तर उन्हाळा गेला, गायरान गेलं, सगळं गेलं, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. "हाका बे, हाका!" असं तेच ओरडत होते.

तेवढ्यात नाना धापा टाकत वर आले. कडेच्या तंबूला त्यांची गाय होती. म्हातारी, पांढरी, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. नाना खाली मान घालून म्हणाले, "चुकी झाली, चेअरमन. दावं तोडून आली. नेतो लगीच." त्यांनी तिच्या गळ्यातलं दावं ओढलं. गाय मागे सरली, पण जीभ बाहेर काढून तंबूकडेच बघत राहिली. नानांनी पुन्हा ओढलं. गुडघ्यात वाकून ती खाली बसली आणि तिथूनच मान लांब करून तिने तंबूला जीभ लावली. नानांच्या हातातलं दावं तसंच राहिलं. त्यांनी चेहरा दुसरीकडे फिरवला.

साडू बराच वेळ त्या गाईकडे बघत होते. मग काठी त्यांनी खाली टाकली. "नाना, ऱ्हाऊ द्या तिला."

"अवो, उद्या तुमचे पाव्हणे यायलेत."

"आलेत की पाव्हणे," साडू म्हणाले.

संस्थेचा सचिव पुढे आला. "चेअरमन, तातडीची सभा लावू का?" साडूंनी त्याच्याकडे असं बघितलं, की असला शब्द त्यांनी जन्मात ऐकलेला नसावा. "कशाला?" एवढंच म्हणाले, आणि स्वतः जाऊन तंबूच्या खुंट्या उपटायला लागले, कापड वर बांधून गुरांना सावली करायला. मी बघत उभा होतो. मग मलाही उभं राहवेना, मी दुसऱ्या बाजूची खुंटी धरली. नाना तिसऱ्या खुंटीपाशी आले. दुपारी साडूंनी पुण्याला फोन लावला. मी शेजारीच होतो. "बाई, जागा न्हाई वो," ते म्हणाले. "सगळे तंबू फुल्ल झालेत." पलीकडून बाई आनंदाने विचारत होत्या, की एवढी गर्दी झाली का. "लई," साडू म्हणाले. "आन अजून येऊ लागलेत."

उरलेल्या पिपांतली काकवी वाळल्या पाल्यावर शिंपडली की गुरं तो पाला खायची. सरकारी छावणी मंजूर होईपर्यंत गावाची गुरं त्या माळावर जगली. नानांची गायही जगली. तंबू मात्र एकही उरला नाही. गिलावा संपल्यावर गुरांनी कापडही चघळलं; शेवटी नुसते बांबू आणि लोंबत्या दोऱ्या राहिल्या. संस्था बंद पडली, पाटी वाऱ्याने कलली. अट साडूंच्या विरुद्ध गेली होती, आणि पावसाळ्याच्या तोंडाला ग्रामसभेत क्रशरचा विषय रीतसर पुकारला गेला. सरपंचांनी बाजूने हात वर करायला सांगितलं. सगळी सभा नानांकडे बघत होती. नाना गुडघ्यावरचे आपले हात बघत बसले होते. त्यांनी ते उचलले नाहीत, म्हणून दुसऱ्या कोणीही उचलले नाहीत. सरपंचांनी थोडा वेळ वाट बघितली आणि पुढचा विषय घेतला. साडूंना त्या दिवशी आभार मानायला कोणी अडवलं नसतं, पण ते उठलेच नाहीत.

पुढची दोन-तीन सालं बरी गेली. गायरान पुन्हा कुसळीने भरलं. एका हिवाळ्यात मी गावी गेलो होतो, तर साडू मला सकाळी माळावर घेऊन गेले. गुडघे दुखत होते, चालताना ते माझ्या खांद्यावर हात ठेवत होते. कळप होता. वाढलेला होता. पण पार लांब, पलीकडच्या उतारावर, गवतात तोंड घालून. आम्हाला बघून एका नराने मान वर केली आणि सगळे आणखी थोडे लांब सरकले. मी सहज म्हणालो, "आता काही जवळ येत नाहीत, साडूभाऊ."

"कावून येतील?" ते म्हणाले. "पोट भरलंय त्यांचं." मग उताराकडेच बघत म्हणाले, "पाव्हणं, कुनावर आपल्या दारात यायची येळ येऊ नये, असंच वाटतंय. आन कुनी आलं न्हाई, की घर खायला उठतंय."

ज्या माणसाची मी जन्मभर थट्टा केली त्याच्याबद्दल त्या क्षणी मला इतकी माया वाटली, की ती सांगणंही अवघड वाटलं. कळप हळूहळू उतार ओलांडून गेला. शेवटचं पाडस दिसेनासं झालं तरी साडू तिकडेच बघत होते. "चला," ते म्हणाले, "तुमची अक्का वाट बघत असंल." पण पाय काही त्यांनी लगेच उचलला नाही, आणि मीही घाई केली नाही.